ज्या घरचा पार्ट

फुलचूरला माझं बांगड्यांचं दुकान आहे. बाया लग्नाला येतात, डोहाळजेवणाला येतात, सणावाराला येतात. नवऱ्याशी भांडून माहेरी निघालेली एक बाई तर दोन्ही हात भरून घेऊन गेली, म्हणाली, रिकाम्या हातानं दिसली तर माय रडत बसेल. पण भ्याली म्हणून बांगड्या भरायला आलेली बाई मला अजून भेटायची आहे. भ्यालेल्या गड्याला ‘बांगड्या भर’ म्हणायची अक्कल पहिल्यांदा ज्या शहाण्याला सुचली, तो एकदा माझ्यासमोर यावा. त्याला मी दिवसभर काचेचा माल हाताळायला बसवीन. बोटं कापल्यावरही तसाच हसतो का, ते पाहायचं आहे मला.

एवढा संताप का, ते सांगते. नागऱ्याच्या पुढं आमचं गाव. तिथं माझा भाऊ खेमराज राहायचा, आणि त्याची बायको शामकला, माझी वहिनी. ही गोष्ट वहिनीची आहे.

वहिनी बिड्या वळते, हंगामात धानाच्या रोवण्याला जाते. बोलणं कमी, पण बोलली की तुकडा पाडून बोलते. आणि भित्री म्हणाल तर एक नंबरची. पाल दिसली की अंगणात उडी मारते, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढी किंचाळते. त्याची तिला काडीची लाज नाही. एकदा मी हसले तर म्हणाली, “भेव लागलं तं लागलं म्हनाव, मंजूबाई. त्यात का चोरी केली मी?”

खेमराजदादा तिच्या पालीवरून हसायचा, पण वर्षातून एक दिवस तिच्यासारखंच चालायचा, तिच्यासारखीच मान वाकडी करायचा. तो दिवस मंडईचा. दिवाळी झाली की आमच्याकडं गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, पाळणे लागतात, गोडीशेवेच्या दुकानांवर गर्दी होते, आणि दुपारी चौकात दंडार होते, म्हणजे आमचं गाण्याबजावण्याचं नाटक. दंडारीत बायांचे पार्टही गडीच करतात. शिवाय आमच्या गावी पार्ट घराचा असतो. ज्या घरचा पार्ट त्या घरचा, बापानंतर पोराचा. घरानं पार्ट टाकला तर मंडईला विघ्न येतं, असं जुनी माणसं सांगतात. आमच्या घराला सेनापतीच्या बायकोचा पार्ट. आधी आमचा बाबा करायचा, मग दादा करू लागला.

ती कथा मी लहानपणापासून पाहते आहे. वैनगंगेला पूर आहे, पलीकडं शत्रूची फौज. सेनापती म्हणतो, पाणी उतरू द्या, उद्या जाऊ. तेवढ्यात त्याची बायको येते, हातातल्या बांगड्या काढून त्याच्या अंगावर फेकते आणि म्हणते, “पान्याले भेतोस तं भर ह्या बांगड्या, अन् तलवार दे माह्या हाती.” सेनापती पेटतो, फौज घेऊन पुरात उतरतो, आणि सगळेच्या सगळे बुडून मरतात. मग ती बायको काठावर ऊर बडवून जीव सोडते. पण हे शेवटचं पाहायला बसतं कोण? बांगड्या पडल्या की शिट्ट्या, टाळ्या, आरडाओरडा, आणि अर्धं गाव उठून गोडीशेव घ्यायला जातं. सेनापती बरोबर सांगत होता, पाणी उतरू द्यायला पाहिजे होतं, हे इतक्या वर्षांत कोणाच्या तोंडून निघालं नाही.

त्या बांगड्या दरसाल माझ्या दुकानातून जायच्या. हिरव्या, गड्याच्या हातात जातील एवढ्या मोठ्या मापाच्या. वहिनीच त्या दादाच्या हातात चढवून द्यायची.

सेनापतीचा पार्ट चंद्रकुमारच्या घरचा. हा चंद्रकुमार विजेच्या एका ठेकेदाराकडं मिस्त्री, आणि दादा त्याच्याच हाताखाली हेल्पर. दोघं सायकलीवर शिडी बांधून निघाले की लोक म्हणायचे, सेनापती आणि त्याची बायको चालले खांबावर. दादाही हसायचा.

गेल्या वर्षी श्रावणात पावसानं दडी मारली. धान सुकत होतं, आणि नेमकी वावरातली लाईन बिघडली. मोटारी बंद, माणसं खांबाखाली जमलेली, जो तो घाईवर. दादा खांबाला हात न लावता उभा राहिला. तिथं दुसरा हेल्पर होता बिसराम, त्यानं हे मला पुढं सांगितलं. दादा म्हणाला, “चंदरभाऊ, लाईन बंद कराले फोन लाव. आज मले भेव लागून राहिलं.” चंद्रकुमार म्हणाला, “भर बांगड्या. तुहाच डायलॉग आहे, गा.” सगळे हसले. बिसराम म्हणतो, दादाही हसला. मग चढला.

पुढचं मी सांगत नाही. त्याला खाली उतरवायला मात्र लाईन बंद करावीच लागली. तेव्हा फोन लागला बरोबर.

दहाव्याला आलेली माणसं काय बोलत होती ठाऊक आहे? मर्द होता खेमराज, शेवटपर्यंत मागं हटला नाही. आणि म्हाताऱ्या बायांनी आत नेऊन वहिनीच्या बांगड्या फोडल्या. ज्यानं ‘भर’ म्हटलं त्याच्या केसालाही धक्का नाही, आणि हात रिकामे झाले हिचे. मी ओरडले, तर मलाच सगळ्यांनी गप्प बसवलं, म्हणे रीत आहे. असली कसली रीत बाप्पा.

दादाचा मुलगा ओमेश नुकताच कॉलेजला जायला लागला होता. ठेकेदारानं मोठा उपकार केल्यासारखं त्याला बापाच्या जागेवर घेतलं, चंद्रकुमारच्याच हाताखाली. घर चालवायचं होतं, पोरगा गेला. पण रोज संध्याकाळी येऊन ताटावर नुसता बसून राहायचा. एक दिवस चुलीपाशी बसून म्हणाला, “माय, मले खांबाचं भेव लागते. चढलो का बाबा दिसते.” वहिनी म्हणाली, “मंग सांग ना चंदरले, लाईन बंद करत जा म्हनून.” पोरगा म्हणाला, “कसा सांगू? सारे तेच म्हनतील.” काय म्हणतील ते त्याला बोलावंच लागलं नाही. एक मेला होता, आणि दुसरा त्याच हसण्याच्या भीतीनं खांबावर चढत होता.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा दंडारीच्या मंडळाचे केशोराव घरी आले, सोबत चंद्रकुमार. मी भाऊबिजेचं सामान घेऊन तिथंच आले होते. भाऊ नव्हता, तरी पाय वळले. केशोराव म्हणाले, यंदा खेमराजच्या फोटोचा मोठा बॅनर लावणार आहोत, श्रद्धांजली म्हणून. आणि पार्ट ओमेश करेल. ओमेश भिंतीला टेकून खाली पाहत होता.

वहिनीनं बिड्यांचं सूप बाजूला सारलं. “केशोराव, पार्ट कोनाचा?”

“तुमच्या घरचा, वो.”

“अन् मी कोन्या घरची?”

केशोरावांना आधी कळलंच नाही. कळल्यावर म्हणाले, “असं कसं वो? बायामानसाचा पार्ट आहे तो. बायामानसानं कसा करावा?” शपथेवर सांगते, हेच शब्द. आणि बोलताना चेहऱ्यावर रेघ हलली नाही.

मग चंद्रकुमार मध्ये पडला. “भाभी, लोक का म्हनतील? तुमच्या हातात बांगड्या...”

वहिनी म्हणाली, “ओमेशचा बाप घालत होता तवा तो का सवाशीण होता?”

 मग ती सरळच म्हणाली, पार्ट करीन तर मीच, नाहीतर आमचं घर पार्ट सोडते, मंडईचं पाहून घ्या तुम्ही. आता आली का पंचाईत? घरानं पार्ट टाकला तर विघ्न. सगळं मंडळ विघ्नाला भ्यालं, दोन दिवस चावडीवर कुजबुज चालली, आणि शेवटी हो म्हणाले. एवढे सगळे गडी भ्याले, पण कोणी कोणाला बांगड्या भर म्हटलं नाही.

मंडईच्या दुपारी मीच तिच्या हातात बांगड्या चढवल्या. या वेळी बाईच्या मापाच्या. मी विचारलं, “वहिनी, भेव लागते का?”

“लागते ना. चाल, होते तं होऊ दे.”

चौक खचाखच भरला होता. बाई पार्ट करणार म्हणून आजूबाजूच्या गावांचीही माणसं लोटली होती. वर दादाचा हसरा फोटो, खाली ठेकेदाराचं नाव दादाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात. ओमेश टाळ घेऊन गाणाऱ्यांत बसला होता. चंद्रकुमार पत्र्याची तलवार लावून आला, छाती काढून म्हणाला, पाणी उतरू द्या, उद्या जाऊ. आणि वहिनी पुढं आली. दादासारखी नाही, आपलीच चाल चालत आली.

तिनं बांगड्या काढल्या. फेकल्या नाहीत, मुठीत धरून उभी राहिली. लोकांना वाटलं विसरली. केशोराव पडद्याआडून वाक्य पुरवायला लागले. मग लोकच ओरडले, “भर बांगड्या, भर बांगड्या.”

ती चंद्रकुमारला म्हणाली, “भेव लागते का तुले?”

हे दंडारीत नव्हतं. चंद्रकुमार पडद्याकडं पाहायला लागला.

“सांग ना. लागत असन तं लागते म्हन. मी काई फेकत नाही. पानी उतरल्यावर जा.”

“भाभी, डायलॉग घ्या,” तो दातांतल्या दातांत म्हणाला. समोर बसलेल्या आम्हाला ऐकू आलं.

ती लोकांकडं वळली. तिचा आवाज मोठा नाही, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. “मांगच्या साली ह्या बांगड्या ज्यानं फेकल्या, त्याले खांबाखाली ह्यानंच भर म्हटलं. लाईन बंद करा म्हनत होता तो. भेव लागते म्हनत होता. सारे हसले. मेला, तं तुम्ही त्याले मर्द म्हटलं. मले मर्द नोको होता. मले घरी येनारा पायजे होता.”

कोणी शिट्टी मारली नाही. मागून एक म्हातारा ‘बंद करा हे’ म्हणाला, त्याला त्याच्याच बायकोनं खाली बसवलं. वहिनीनं परत विचारलं, “आता कोनाले भेव लागते, ते सांगा.”

टाळ खाली ठेवल्याचा आवाज आला. ओमेश उभा राहिला होता. “मले लागते, माय,” तो म्हणाला. “खांबाचं.”

एवढ्या माणसांत तो एकटाच बोलला. वहिनीनं बांगड्या परत आपल्या हातात घातल्या, पोराला धरलं आणि चौकातून निघून आली. सेनापती नदीकाठीच राहिला, बुडला नाही. पहिल्यांदाच त्या दंडारीत कोणी मेलं नाही.

मग काय, गावानं तोंडसुख घेतलं. दंडारीचा बट्ट्याबोळ केला, बाईला चढवलं की असंच होतं, मेलेल्या नवऱ्याच्या फोटोखाली तमाशा केला. केशोराव पुढच्या वर्षी कथाच बदलू म्हणाले, पार्टाची कटकट नको. माझ्या दुकानात येऊन एक बाई मलाच सांगते, तुमच्या वहिनीनं हातातल्या बांगड्या अजून काढल्या नाहीत, बरं दिसते का? मी वहिनीला विचारलं तर म्हणाली, “पार्ट कुठी संपला अजून?”

मी म्हटलं, बोलून झालं, आता काय राहिलं? तिनं बिड्यांचं सूप पुढं ओढलं. काय राहिलं ते आठच दिवसांत बिसरामकडून कळलं.

धानाच्या खळ्याजवळची लाईन तुटली होती. मळणीची घाई, माणसं जमलेली, तोच चंद्रकुमार, तसाच खांब. ओमेशनं शिडी लावली आणि खालीच उभा राहिला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “लाईन बंद झाल्याबिगर मी चढत नाही. मले भेव लागते.” बिसराम म्हणतो, सगळे चंद्रकुमारकडं पाहायला लागले, तो आता काय म्हणतो म्हणून. चंद्रकुमारनं खिशातून मोबाईल काढला आणि फोन लावला.

बिसरामच्या तोंडात खर्रा होता. तो थुंकायला बाजूला गेला, परत आला, तोवर लाईन बंद झाली होती. एवढाच वेळ लागतो. माझ्या भावासाठी तेवढाही कोणाकडं नव्हता.