डेपोवरचा लॅपटॉप आणि एल्डनची जागा

ईस्ट हार्लो गावात शनिवारी सकाळी एखादा माणूस दिसला नाही तर तो आजारी तरी असतो, नाहीतर परगावी तरी गेलेला असतो. बाकी सगळा गाव कचरा डेपोवर. चर्चला दांडी मारणारे पुष्कळ सापडतील, डेपोला दांडी मारणारा सापडायचा नाही. पिशव्या टाकायच्या, बाटल्या वेगळ्या करायच्या आणि मग कॉफीचा कप धरून पिकअपच्या फळीला टेकून तासभर गावाची उणीदुणी काढायची.

डेपोच्या एका अंगाला पत्र्याची शेड आहे. ज्याला जे नको झालं ते त्यानं तिथं ठेवायचं, ज्याला हवं त्यानं उचलायचं. टोस्टर, पोरांच्या बर्फावरच्या घसरगाड्या, मेलेल्या आजोबांचे धडधाकट बूट, काय वाट्टेल ते. शेडचा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण मोडलेला कुणी पाहिला नाही. वस्तू कुणाची होती ते विचारायचं नाही आणि एकदा ठेवलेली परत मागायची नाही. शेजारणीच्या अंगावर आपला जुना कोट दिसला तरी "थंडी वाढली, न्हाई?" एवढंच म्हणायचं आणि पुढं व्हायचं.

या शेडमध्ये येणारे लॅपटॉप मात्र सरळ रोएना कबानाच्या स्वयंपाकघरात जायचे.

रोएना शाळेची पिवळी बस चालवायची. साठी उलटलेली, खांद्यानं रुंद, बोलायला तुटक. नवरा ल्यूसियन होता तोवर दोघांचा गोठा होता. कुठल्या गाईला किती आंबोण, कुठली कधी फळली, याचा हिशेब ठेवायला त्यांनी एक कॉम्प्युटर घेतला होता. तो बिघडला की दुरुस्तीवाला शहरातून यायला आठवडा लावायचा, आणि गाई काही आठवडाभर थांबत नाहीत. मग रोएनानंच तो उघडला. गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून आडवं आलेलं वासरू फिरवणाऱ्या बाईला त्या डब्यातल्या चार तारांची काय भीती वाटणार? पुढं ल्यूसियन गेला, गाई विकल्या, गोठ्यात गवत माजलं. हात मात्र रिकामा राहीना. शेडमधली मेलेली यंत्रं ती घरी आणायची, उठवायची आणि ज्याला लागेल त्याला द्यायची. शाळा सुरू व्हायच्या सुमाराला तिच्या टेबलावर एकही उरत नसे.

तिची कामाची एक पद्धत होती. थंडीत बाहेर पडून राहिलेलं यंत्र ती थेट चुलीच्या उबेला कधी आणायची नाही. आधी पडवीत, मग बूट काढायच्या खोलीत, मग स्वयंपाकघरात. शिकारीहून आल्यावर बंदूक जशी बाहेरच ठेवतात, नाहीतर घरात येताच तिला घाम फुटतो आणि गंज धरतो, तसंच हे. लोक हसायचे. ती म्हणायची, "लोखंडाला थंडी वाजती, तुमास्नी कळत न्हाई एवढंच."

ऑक्टोबर सरता सरता कोरिन बुशे एक लॅपटॉप काखेत मारून तिच्या दारात आली. कोरिन पस्तिशीची. खुर्च्यांचा कारखाना बंद पडल्यापासून ती गावच्या पाण्याच्या पंपघरात म्हाताऱ्या काकाच्या हाताखाली काम करत होती. काका आता थकला होता. पंपघर तिच्या हाती द्यायला गाव तयार होता, पण त्यासाठी सरकारी परवाना लागतो आणि परवान्याला परीक्षा. परीक्षा कॉम्प्युटरवर, घरात एकटं बसून, कॅमेऱ्यापुढं. परीक्षा होती येत्या शनिवारी. ती हुकली तर पुढची वसंतात, आणि तोवर गाव पंपघर बाहेरच्या कंपनीला देऊन मोकळा होणार. वाचनालयातले कॉम्प्युटर होते, पण परीक्षेचा प्रोग्राम तिथं चढवू देत नव्हते.

म्हणून कोरिननं शेडमधला हा लॅपटॉप उचलला होता. बिजागरीला रुपेरी चिकटपट्टी गुंडाळलेली, पण चालू. फक्त आधीच्या मालकाचा पासवर्ड आडवा येत होता. तेव्हा कारखान्यातून आलं तसं यंत्र पुन्हा कोरं करून देणारी जी सोय आत असते ती तिनं चालवली. यंत्र थोडं पुढं गेलं, मग हवं ते सापडत नाही म्हणालं, आणि त्यानंतर जुनंही उठेना. निळा पडदा यायचा, विझायचा, परत यायचा.

"मी मारलं का गं त्याला?" कोरिननं विचारलं.

"मेलेलं असं सारखं डोळं उघडत न्हाई," रोएना म्हणाली. "ठेव तिथं पडवीत."

रोएनानं ते तपासलं तेव्हा रोग लगेच हाती लागला. कोरं करायची ती सोय डिस्कच्या एका वेगळ्या कोपऱ्यात ठेवलेली असते. या यंत्रात तो कोपराच नव्हता. कुणीतरी तो पुसून ती जागा नांगराखाली घेतली होती. बांध फोडून शेत वाढवावं तसं.

आता एकच वाट होती. बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून यंत्र चालवणारी सगळी व्यवस्था नव्यानं उतरवून घ्यायची, पेनड्राइव्हवर चढवायची आणि त्यावरून यंत्र पुन्हा मांडायचं. ती व्यवस्था वापरायच्या परवान्याची चिंता नव्हती, तो अशा यंत्राच्या अंगातच कोरलेला असतो. अडचण होती ती उतरवून घ्यायची. रोएनाच्या दरीत इंटरनेट म्हणजे उन्हाळ्यातला ओढा. म्हणून दुसऱ्या दिवशी पोरांना शाळेत सोडल्यावर तिनं रिकामी बस वाचनालयाच्या भिंतीला लावली, गोठ्यातला कॉम्प्युटर पुढच्या सीटवर ठेवला, बॅटरीवरून त्याला वीज दिली आणि वाचनालयाच्या वायफायवर काम लावून दिलं. त्या भिंतीला अशी गाडी लावून बसणं गावात नवं नाही. लोक तिथं बसून टॅक्स भरतात, प्रेमही करतात. पण चाळीस पोरांची अख्खी बस कुणी लावली नव्हती. ग्रंथपालीण खिडकीतून बघून गेली, मग डोनट घेऊन आली.

शुक्रवारी दुपारची बस फिरवून रोएना कामाला बसली. डिस्क पुसायच्या आधी आत काय आहे ते एकदा बघायचं, हा तिचा शिरस्ता. माणसं यंत्र फेकतात आणि त्यात लेकराच्या जन्माचे फोटो विसरतात. तिनं दुसऱ्या एका पेनड्राइव्हवरून यंत्र जागं केलं आणि डिस्क उघडली.

आत हरणं होती. हरणं आणि फक्त हरणं. जंगलात झाडाला बांधलेला कॅमेरा जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढतो, तसले हजारो फोटो. माद्या, पाडसं, आणि एक थोराड नर, डोक्यावर खुर्ची उलटी ठेवावी तशी शिंगं.

रोएनानं हरणं पाहिली आणि मग हरणांच्या मागं पाहिलं. अस्वलाच्या नखांचे ओरखडे पडलेलं, मधून दुभंगलेलं बीच जातीचं झाड. पडक्या दगडी बांधाचा कोपरा. मेपलच्या झाडाचा गोड रस आटवायची एक गंजकी कढई, तळाशी भोक पडलेली. ती याच डोंगरात वाढली होती. ती कढई तिनं पोरवयात पाहिली होती.

फोटोंच्या कप्प्यावर मालकाचं नाव होतं. ही एल्डन स्टॅनर्डची शिकारीची जागा होती.

एल्डन दर साली गावातलं सगळ्यात मोठं हरीण आणायचा आणि कुठून आणायचा ते कुणाला ठाऊक नव्हतं. गाडी तो भलत्याच रस्त्याला लावायचा, डोंगराला उलटा वळसा घालून जायचा. बायकोलाही त्यानं सांगितलं नव्हतं. गावातल्या निम्म्या पुरुषांनी त्याचा माग काढायचा प्रयत्न केला होता आणि निम्म्या पुरुषांचे बूट दलदलीत राहिले होते. शिकारीचा हंगाम पंधरवड्यावर आला होता, आणि रोएना स्वतः शिकारी होती. गेली कित्येक सालं ती रिकाम्या हातानं परतत होती.

फोटो एका पेनड्राइव्हवर उतरवून घेऊन ती बघत असतानाच पडवीत बूट वाजले. एल्डनच होता. टोपी हातात, तोंड उतरलेलं. बायकोनं तळघर आवरलं, चार खोकी डेपोवर नेली, त्यात लॅपटॉप गेला. डेपोवरच्या माणसाकडून त्याला कळलं होतं की तो कोरिननं नेला आणि कोरिन रोएनाकडं गेली. शेडचं परत मागत नाहीत हे त्याला ठाऊक होतं. तो ते बोलूनही दाखवत होता आणि मागतही होता. पुढच्या आठवड्यात कोरिनला कोरा नवा लॅपटॉप घेऊन देतो म्हणाला.

"परीक्षा उद्या हाय," रोएना म्हणाली.

एल्डन टोपी फिरवत राहिला. त्याला आत यायला सांगून तिनं खुर्ची दिली, कॉफी ओतली. मग तिनं सांगितलं की यंत्र कोरिनचं, त्यात आता बदल नाही. फोटो मात्र त्याचे. ते उतरवून घेतलेला पेनड्राइव्ह तिनं त्याच्यापुढं सरकवला. आणि विचारलं, डिस्कमधला तो एक कोपरा कुणी पुसला?

"म्याच," एल्डन म्हणाला. "फोटूला जागा पुरंना. त्यो कोपरा नुसता पडून हुता. वर लिवलेलं, हरवलेलं परत मिळवायसाठी. म्हटलं, माझं कुटं काय हरवलंय?"

रोएना हसली नाही, पण कप ओठाला जरा जास्त वेळ धरला.

मग एल्डननं ज्यासाठी तो आला होता ते विचारलं. "बगितलंस?"

सरळ नाही म्हणता आलं असतं. हरणंच बघितली, झाडं सगळी सारखीच दिसतात, असं काहीतरी. रोएनानं कप खाली ठेवला.

"बगितलं. कढई बी वळखली."

तीस हंगाम जपलेली गोष्ट एका बाईच्या टेबलावर सांडली होती आणि पुसायला फडकं नव्हतं.

"एल्डन," ती म्हणाली, "तुजी दोन्ही पोरं माज्या बसमधी बसून मोठी झाली. पोरं घरातलं समदं बोलत्यात. कोन कुनावर वरडलं, कोन सोफ्यावर निजलं, समदं. तुज्या घरातली एक तरी गोष्ट गावात कुनाकडनं ऐकलीस?"

एल्डननं विचार केला. प्रामाणिक माणूस, खरंच बराच वेळ विचार केला.

"न्हाई," तो म्हणाला.

"मग कॉफी पी. आन हितं बोट ठेव."

तिनं यंत्र नव्या पेनड्राइव्हवरून चालू केलं होतं. पडद्यावर डिस्कचे भाग ओळीनं दिसत होते आणि यंत्र सगळे पुसू का म्हणून विचारत होतं. एका कोपऱ्याला बोट लावून ज्यानं हे सगळं घडवलं होतं त्याच्याच बोटानं तिनं अख्खी डिस्क पुसून घेतली. डोळ्यांदेखत गेलं म्हणजे माणसाला झोप लागते.

मांडणी सुरळीत झाली, पण शेवटी वायफाय मिळेना. यंत्राला आपलाच कान कुठं आहे ते कळत नव्हतं. एल्डनचा चेहरा पडला. रोएनानं स्वतःचा फोन तारेनं त्याला जोडला, फोनच्या इंटरनेटवरून वायफाय चालवणारा तेवढा एक प्रोग्राम ओढून घेतला, आणि कान उघडला. मग कॅमेरा लावून पाहिला. पडद्यावर ती, एल्डन आणि मागं चुलीवरचा घेवडा, तिघंही दिसले.

शनिवारी गाव डेपोवर असताना कोरिन घरात दार लावून बसली. परीक्षेवर देखरेख करणारी बाई कुठल्यातरी दूरच्या शहरात होती. तिनं कॅमेरा खोलीभर फिरवायला लावला आणि मग विचारलं, मागं भिंतीवर कोण आहे? कोरिनच्या सासऱ्यानं मारलेल्या हरणाचं मुंडकं होतं. देखरेखवाली म्हणाली, डोळे आहेत, झाका. कोरिननं त्याच्या शिंगांवर टॉवेल टाकला आणि परीक्षा सुरू झाली. लॅपटॉप शेवटपर्यंत एकदाही अडखळला नाही. कोरिन दोनदा अडखळली, पण उत्तीर्ण झाली.

शिकारीचा हंगाम आला. रोएना पहाटे उठून आपल्या नेहमीच्या टेकडीवर जात राहिली, जिथं गेली कित्येक सालं तिला एक मादीसुद्धा दिसली नव्हती. एल्डन आपल्या जागेकडं जाताना बर्फावर वाकून वाकून बघायचा. दर सकाळी फक्त त्याच्याच बुटांचे ठसे, दुसऱ्या कुणाचे नाहीत. शेवटच्या आठवड्यात त्याला थोराड नर मिळाला. त्यानंतर एका संध्याकाळी रोएनाच्या पडवीत हरणाचा अख्खा मागचा पाय टांगलेला निघाला. तिनं तो आत नेला, शेजारपाजाऱ्यांना वाटा दिला. कुणी पाठवला ते विचारलं नाही.

जानेवारीत पाण्याला औषधाचा वास येतो अशी तक्रार घेऊन एल्डन पंपघरात गेला. कोरिन आता तिथली मुख्य. तिनं टेबलावरचा लॅपटॉप फिरवून त्याला आकडे दाखवले, कुठल्या दिवशी किती औषध पडलं ते. एल्डनची नजर आकड्यांवर नव्हती. बिजागरीवरची रुपेरी चिकटपट्टी त्याच्याच हातची होती, वाकडी, दोन वेढे जास्तीचे.

त्यानं टोपी कानावर ओढली.

"थंडी वाढली, न्हाई?" तो म्हणाला आणि निघून गेला.