चार नंबर बेडवरचे ठोके

हे सांगावं की नाही, यात माझी बरीच वर्षं गेली. पण आता चहा आलाच आहे, तर ऐका. हसायचं मात्र शेवटी. मधली भीती अगदी अस्सल आहे.

कंपनीनं मला स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती माझी! मग मी पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत केसपेपर लिहायला लागलो. कंपनीच्या स्टोअर्समधली सवय सुटली नव्हती: दिसेल ते वेळेसकट वहीत टिपायचं. तिथे नव्या डॉक्टरांना शिकवायला अनघा मॅडम होत्या, पक्क्या सदाशिव पेठेतल्या. त्यांचं एकच पालुपद असायचं, "'वाटतंय' म्हणू नका. पुरावा दाखवा." मी कोपऱ्यात उभा राहून तेही वहीत उतरवायचो.

त्या दिवशी सकाळी छातीवर ईसीजीच्या पट्ट्या कुठे लावायच्या, ते शिकवायला त्यांना एक माणूस हवा होता.

"दामलेकाका, रिकामे आहात?"

"रिकामा नाही, पण येतो."

"शर्ट काढा."

बेड फक्त चार नंबरचा मोकळा होता. आदल्या दिवशी त्याच बेडवर धायरीचे एक आजोबा गेले होते. केसपेपर मीच लिहिला होता. आता सांगा, अशा बेडवर उघड्या अंगानं बसताना कसं वाटेल?

मॅडमनी माझ्या छातीला पट्ट्या चिकटवल्या, त्यांच्या वायरी एका छोट्या डबीत खोचल्या आणि डबी पँटच्या कमरेला अडकवली. अशी डबी मी पाहिली होती. माझ्या मेव्हण्याला एकदा दिवसभर लावली होती. ठोके तिच्यातच साठतात आणि डॉक्टर ते दुसऱ्या दिवशी वाचतात. मला सगळं माहीत होतं. सगळं!

एवढ्यात अपघाताची केस आली. मॅडम धावता धावता म्हणाल्या, "मी सांगितल्याशिवाय काढू नका हं."

मी वरून शर्ट घातला आणि कामाला लागलो.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. वॉर्ड शांत होता. मी चार नंबरजवळून चाललो होतो. बेड रिकामा, चादर नुकतीच बदललेली, सुरकुतीसुद्धा नाही. आणि उशाशी असलेल्या मॉनिटरवर हिरवी रेघ उसळत होती. ठोके चौऱ्याऐंशी.

मी काउंटरवर पळालो, वही घेण्यासाठी. जाता जाता सिस्टरना हाक मारली, "सिस्टर, चार नंबरवर कोणाचे ठोके येतायत बघा!"

त्या गेल्या, पाहून आल्या. "पडदा कोरा आहे काका. तुम्ही जेवलात का?"

वही घेऊन मी एकटाच परत गेलो. तीन पावलांवर पोचलो आणि रेघ उसळली! शहाण्णव. मागे सरकलो की रेघ तुटायची, पुढे झालो की यायची. म्हणजे ती माझीच वाट पाहत होती. चादर हलत नव्हती, पण तिच्यावरच्या कोणाचं तरी काळीज धडधडत होतं. दर मिनिटाला जोरात.

पुरावा हवा ना? मी वहीत दोन रकाने आखले. डावीकडे पडद्यावरचे ठोके, उजवीकडे मनगट धरून मोजलेले माझे. शहाण्णव, शहाण्णव. एकशेचार, एकशेचार. एकशेबारा, एकशेबारा.

आजोबा बेडवर नव्हतेच. ते माझ्यात शिरले होते!

तेवढ्यात लोणी काळभोरच्या एक आजी आल्या. रांगेत चक्कर येऊन पडल्या होत्या. बाकी सगळे बेड भरलेले. मी हात पसरून चार नंबरसमोर उभा राहिलो. "इथे नको! माझं ऐका, इथे नको!"

"का? बेडची पूजा व्हायची आहे का?" सिस्टरनी मला बाजूला सारून आजींना झोपवलं आणि त्या मॉनिटरच्या वायरी आणायला वळल्या. मी उशाशीच उभा होतो.

यवतमाळहून आलेले डॉक्टर निखाडे धावत आले. पडदा पाहून ओरडले, "अरे बापरे! एकशेछत्तीस! हे काय होऊन राहिलं?" ठोके खाली आणायचं इंजेक्शन त्यांनी सिरिंजमध्ये भरलंसुद्धा.

"थांबा," मागून मॅडमचा आवाज आला. त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. आजींचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट उभ्या राहिल्या. "अठ्ठावन्न. निखाडे, ते इंजेक्शन दिलं असतं तर?"

निखाडेंचा हात खाली आला. सिस्टरच्या हातात वायरी तशाच होत्या. आजींच्या अंगाला एकही लागलेली नव्हती, आणि पडद्यावर एकशेबेचाळीस!

"मग हे कोणाचे?" मॅडम हळूच म्हणाल्या.

मी वही पुढे केली. "आजोबांचे, मॅडम. हा पुरावा."

त्यांनी दोन्ही रकाने वाचले. मग माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला अजून स्वप्नात दिसतं.

"काका, सकाळची डबी काढलीत?"

"तुम्ही सांगितल्याशिवाय कशी काढू?"

"ती बिनतारी आहे. ह्याच मॉनिटरला जोडलेली. माणूस जवळ आला की ठोके दाखवते." वही मिटून त्यांनी माझ्या हातात दिली. "रकाने मात्र सुबक आहेत."

आजी उठून बसल्या. "आवं, मला काय बी न्हाई झालं, सकाळपास्नं प्वाटात काय न्हाई म्हनून चक्कर आली. ह्या बाबाचंच काळीज लई उडतंय. ह्यालाच निजवा हितं!"

आजींना सलाईन लावून पाच नंबरच्या शेजारी खुर्चीत बसवलं, आणि मला खरोखरच चार नंबरवर आडवं केलं. एकशेबेचाळीस ठोके असलेला माणूस सोडायचा नाही, असा तिथला नियम होता.

पण नियमाप्रमाणे केसपेपरही हवा, आणि केसपेपर लिहिणारा वॉर्डात मी एकटाच. मग झोपल्या झोपल्या मीच लिहायला घेतला. नाव, वय, पत्ता झाला. 'तक्रार' या रकान्यापाशी अडलो.

"काय लिहू मॅडम?"

"पुरावा आहे तेवढंच लिहा," त्या म्हणाल्या. "रुग्ण दुपारी दोन दहापासून स्वतःलाच भीत आहे."

मी लिहिलं. वेळेसकट.