दातमामाचा सपाट टीव्ही

दातमामा माणसाशी बोलताना डोळ्यांत बघत नसे, दातांत बघे. मला बघायला अमरावतीची मंडळी आली, तेव्हा चहा होईपर्यंत हा कोपऱ्यात गप्प बसून होता. मग एकदम मुलाला म्हणाला, "जरा हासून दाखवा." मुलगा बिचारा हसला. मामा उठला आणि आत येऊन आईला म्हणाला, वय सांगतात तेवढंच आहे, देऊन टाक. त्याच मुलाशी माझं लग्न झालं. अजूनही मामाचा विषय निघाला की नवरा आधी तोंड मिटतो.

हा माझा सख्खा मामा, बाळापूरचा. जन्म बैलबाजारात दलाली करण्यात गेला. बैलाचा जबडा उघडून दात बघायचे, त्याला बसवून उठवायचं, गाडीला जुंपून चालवायचं आणि मगच भावाची गोष्ट काढायची, ही त्याची रीत. पुढे कपाशीनं लागोपाठ दगा दिला ती वर्षं आली. बाजारात विकणारेच विकणारे दिसायला लागले. जे घेणारे होते ते काही बैल वखराला जुंपायला नेत नव्हते. मामानं दलाली सोडली. "आपलं दात पायनं होतं. आता लोक वजन पाहून राहिले," एवढंच बोलला. पण हात शिवशिवायचे त्याचे. मग तो मिक्सर, छत्री, पंखा, जे समोर येईल ते उलटंपालटं करून तपासू लागला आणि घरादाराला वात आणला.

त्यातच मामी न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, हृदय नाजूक आहे, ऑपरेशन झेपायचं नाही. तेव्हापासून मामी खाटेवर, तीही फक्त डाव्या कुशीवर. समोर भिंत, आणि भिंतीपाशी जुना डब्यासारखा टीव्ही. मालिकांमधल्या सासवांना शिव्या घालणं हा मामीचा तेवढा एक विरंगुळा उरला होता. होळीच्या सुमाराला तो टीव्हीही गेला. मेकॅनिकनं हात टेकले. त्यानं डबा उचलून नेला आणि मामीसमोर उरली ती नुसती भिंत, दोन खिळे आणि एक पाल. मी विचारलं, करमतं का गं? तर म्हणे, "भीत बरी हाये बाई. तुह्या मामाच्या थोबाडापेक्षा बरीच."

आता छोटासा सपाट टीव्ही आणायचा, त्यात एवढं काय? पण घेणारा दातमामा होता. मी अकोल्याला शाळेत शिकवायचे, सुट्ट्या लागलेल्या, दाराशी स्कूटी. झालं, मी सापडले. मामा मागे बसायचा आणि खड्डा आला की "हो, हो, हो" करून मला थांबवायचा.

पहिल्याच दुकानात त्यानं टीव्हीच्या पाठीवरून हात फिरवला. "याले पोटच नाई," म्हणाला, "काम काय करन हा?" टाय लावलेला सेल्समन पोरगा चांगला होता. त्यानं किंमत सांगितली, तीही चांगली खणखणीत आवाजात. मामाचा चेहराच पडला. बैलबाजारात भाव असा ओरडून सांगत नाहीत. उपरण्याखाली हात घ्यायचा आणि बोटं दाबून काय ते ठरवायचं, म्हणजे देणाऱ्याची लाज राहते आणि घेणाऱ्याचीही. मामानं खांद्यावरचं उपरणं काढून त्या पोराच्या हातावर टाकलं आणि खालून त्याची बोटं धरली. पोरगा असा काही दचकला की केबिनमधून मालक बाहेर आला. मी मध्ये पडून काय ते समजावलं. मालक हसत सुटला, मामा मात्र दुखावला. चारचौघांत भाव सांगितला तर तो सौदा कसला, लिलाव झाला, असं तो घरी येईपर्यंत माझ्या कानाशी पुटपुटत होता.

मग दुसरं दुकान. त्यांनी टीव्ही एक दिवस घरी चालवून बघायला दिला नाही म्हणून तिसरं. कुणीतरी सांगितलं, अमरावतीला स्वस्त पडतं. निघालो एसटीनं. तिथल्या टीव्हीचा पाय हलतो म्हणून तो नापास झाला. येताना मामानं मामीसाठी दह्यात भिजलेला गिलावडा बांधून घेतला. तो मूर्तिजापूरपासून पिशवीतून गळायला लागला आणि अकोल्यापर्यंत माझी साडी दह्यानं माखली. टीव्ही नाही ते नाहीच. अर्धा उन्हाळा असा गेला. माझ्या तोंडून हल्ली शिव्या निघतात, त्यातल्या बऱ्याचशा त्या उन्हाळ्यातल्या आहेत.

एकदा मी बाळापूरला बसले असताना मामाच्या मुलाचा, दिलीपचा, पुण्याहून फोन आला. पोरगा वाईट नाही, हिशेबी आहे. म्हणाला, "बाबा, एवढे पैसे आता कशाला घालता? आई अशी किती दिवस पाहणार आहे?" फोनचा आवाज मोठा होता. आतल्या खोलीत मामीलाही ऐकू गेलं असणार.

"बैल घेताना दात पायतात, बाप्पा," मामा म्हणाला. "मायचे पायत नसतात."

आणि फोन ठेवला. मग तो मामीच्या खाटेशी गेला आणि खाली जमिनीवर आडवा झाला, तिच्यासारखाच, डाव्या कुशीवर. बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला. मला वाटलं, रडतो की काय. तर उठून म्हणाला, "चाल बाई, काढ गाडी."

अकोल्याचं ते पहिलंच दुकान. मामानं फरशीवर उपरणं अंथरलं, डाव्या कुशीवर झोपला आणि हुकूम सोडला, "लावा आता एकएक." एक बाई घाबरून पाण्याची बाटली घेऊन धावल्या, "चाचाजी को चक्कर आ गया क्या?" मामा उठून पाणी प्यायला, त्यांना दुवा देऊन पुन्हा आडवा झाला. मी लाजेनं फ्रिजच्या आड उभी होते. पहिला टीव्ही लावला. खालून बघितलं तर माणसांची तोंडं काळी ठिक्कर. दुसऱ्यात निळी. पुढच्या एकात मात्र तोंड तोंडासारखं दिसलं. "हा बांधा," मामा झोपल्याझोपल्याच म्हणाला. भाव विचारला नाही, बोटं धरली नाहीत, पैसे मोजून मोकळा झाला. जन्मभर ज्यानं एक रुपया सोडला नाही, त्यानं.

टीव्ही बसवायला आलेला माणूस म्हणाला, "काका, भिंतीवर तिरपा लावायचा स्टँड येतो. तो लावला असता तर कोणताही टीव्ही चालला असता." मामा त्याच्याकडे, म्हणजे त्याच्या दातांकडे, बघत राहिला. मी पदरात तोंड खुपसून हसले. मामी तर खाट हलेपर्यंत हसली. तिला तसं हसताना मी फार दिवसांनी बघत होते.

पावसाळाभर मामीनं तो टीव्ही पाहिला. सासवांना शिव्या घातल्या, कोण कुणाचा कोण हे मामाला समजावून सांगितलं, आणि तो चुकला की त्यालाही शिव्या घातल्या. दिवाळीला फराळ घेऊन गेले तेव्हा तिच्यासाठी टीव्हीचा आवाज मोठा ठेवायला लागत होता. संक्रांतीच्या आधी मामी गेली.

तेरवी झाल्यावर मी मामापाशी बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून, आणि त्याला जरा हसवावं म्हणून, मी म्हटलं, मामा, खरं सांग, टीव्ही होता का तेवढ्या किमतीचा? मला वाटलं, पाय, पोट, काहीतरी खोट काढेल.

मामानं खाटेकडे बघितलं. गादी गुंडाळून ठेवली होती.

"भाव बराबर होता, बाई," तो म्हणाला. "मीच येडा. उन्हाळाभर तिले भीत दाखोली."