पाहुण्यांविना पदवीदान

ऐंशीच्या दशकात बोरिवलीत आमचं लहानसं विद्यापीठ काही वर्षांपूर्वीच उभं राहिलं होतं. मी पहिल्या तुकडीची. पास होऊन दोन वर्षं झाली होती आणि मरोळच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करत होते. अशात परदेशातल्या एका विद्यापीठाने मला शिष्यवृत्तीसकट जागा देऊ केली. अट एकच, माझं विद्यापीठ एका आंतरराष्ट्रीय संघटनेचं सदस्य हवं.

आमच्या विभागप्रमुख सरांनी सदस्यत्वाचे नियम मागवले. सरकारी मान्यता होती, पूर्णवेळ प्राध्यापकही होते. पण निदान एका तुकडीला रीतसर पदवी दिलेली हवी, हे वाचून सरांनी कपाळाला हात लावला. आमचा पदवीदान समारंभ झालाच नव्हता! कुलगुरूंना प्रमुख पाहुणे म्हणून मंत्रीच हवे होते, आणि मंत्र्यांना काही सवड होत नव्हती. आमच्या हाती नुसता तात्पुरता दाखला.

आई उखडलीच. "म्हणजे तू अजून ग्रॅज्युएट नाय? आणि मी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले!"

माझंही डोकं फिरलं. सरांना घेऊन मी थेट कुलगुरूंपुढे उभी राहिले. "सर, मंत्री राहू देत, पदवी द्या."

"पाहुण्यांशिवाय पदवीदान? बरं दिसेल का ते? आणि पदवी देणार कोण?"

"ज्यांनी शिकवलं ते देतील," आमचे सर म्हणाले.

कुलगुरू आधी रागावले, मग हसून तयार झाले. विद्यापीठाला सभागृह नव्हतं, ती सोय मीच केली. विसर्जन झालं होतं, पण आमच्या सोसायटीचा गणपतीचा मांडव अजून उतरवला नव्हता. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आमची तुकडी तिथे जमली. सरांच्या हातून पदवी घेताना मला रडू आलं, आणि त्याची मुळीच लाज वाटली नाही.

काही महिन्यांनी सदस्यत्व मिळालं. सांगायला सर स्वतः घरी आले. मी आनंदाने उड्या मारायचीच बाकी होते. आईने मात्र सरांना हळूच विचारलं, "खूप लांब हा काय वो?"

"लांब आहे," सर म्हणाले.

आईने पदर डोळ्यांना लावला. माझा जीव एवढासा झाला. ती नाही म्हणाली असती तर मी गेले नसते.

"आई, नको जाऊ का?"

"गप! मी नाय इलंय गाव सोडून मुंबईत?" ती म्हणाली. "मला तर कोणी बोलवलंपण नव्हतं."