सिस्टरबाईंचा कॅमेरा

आमच्या सिस्टरबाई दोन दिवसांच्या बाळालाही अहो म्हणत. "या, बसा झोळीत. वजन किती आणलंत आज?" असं विचारत त्या बाळाला काट्याच्या झोळीत ठेवायच्या, आणि काटा थोडा कमी दाखवू लागला की बाळालाच दटावायच्या, "असं कसं चालेल तुमचं? आईला जेवू देत नाही का तुम्ही?" मोठ्या माणसांना मात्र सरसकट अरे-तुरे. सरपंचांनासुद्धा भर चौकात, "काय रे, गोळ्या घेतल्यास का?" एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "मोठ्यांना मान द्यायला सगळं गाव हाय. ह्यांना कोण देतंय?"

नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. राहात्याजवळच्या त्या गावात मी प्राथमिक शाळेवर नव्याने लागले होते. आरोग्य उपकेंद्राच्या एका खोलीत दवाखाना, दुसरीत सिस्टरबाई, आणि भिंतीला भिंत लावून माझी भाड्याची खोली. त्या नेवाशाकडच्या. यजमान तिकडेच साखर कारखान्यात कामाला, शनिवारी यायचे. बाकी सहा दिवस आम्ही दोघीच एकमेकींना. त्या मला 'मास्तरीण' म्हणत. चालायच्या इतक्या भराभरा, की त्यांच्याबरोबर वस्तीवर जायचं म्हणजे मी निम्मी वाट पळतच काढायची. थांबून बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. अर्धं वाक्य बांधावर, उरलेलं पुढच्या बांधावर.

त्यांना थांबलेलं मी पाहिलं ते हौसामुळे. हौसा वस्तीवरची, शेतमजुरी करणारी. तिचा गणू सव्वा वर्षाचा होऊन उन्हाळ्यात तापाने गेला होता. पावसाळ्यात एका गुरुवारी, लसीकरणाच्या दिवशी, ती उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसली. पोटात दुसरं होतं, पाचवा महिना. गर्दी पांगल्यावर म्हणाली, "बाई, तुमच्या वहीत गनूचं काय हाय का?"

सिस्टरबाईंनी नोंदवही उघडून ओळ दाखवली. नाव, वजन, डोस दिल्याच्या तारखा. हौसाला वाचता येत नव्हतं. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं, हळूहळू शेवटापर्यंत नेलं आणि विचारलं, "ह्यात त्याचं तोंड कसं व्हतं ते न्हाई का लिवलेलं? माज्या ध्यानातनं जायला लागलंय."

ती गेल्यावर सिस्टरबाई बराच वेळ वही मिटायला विसरल्या. मग एकदम उठल्या. "मास्तरीण, कॅमेरा घ्यायचा. साधा. पण ह्या गावातलं एक पोर फोटोबिगर राहता कामा नये."

मला तर हर्षच झाला! आमच्या घरी कधी कॅमेरा आला नव्हता. मी शाळेत येणाऱ्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती कापून वहीत चिकटवल्या. झूम म्हणजे काय, आपोआप फ्लॅश म्हणजे काय, हे मी जेवताना सिस्टरबाईंना समजावून सांगायची. तेव्हा कॅमेरे रोलचे. फोटो काढल्या काढल्या पाहायची सोय नव्हती. रोल संपवायचा, धुवायला द्यायचा आणि वाट बघायची. त्या ऐकून घेत आणि शेवटी एवढंच म्हणत, "मला काय रोज काढायचेत? महिन्याला दहा-बारा. तेवढ्यापुरता शहाणा असला तरी बास."

रविवारी आम्ही एसटीने नगरला गेलो. कापड बाजाराजवळच्या एका दुकानात काचेच्या कपाटात वीसेक कॅमेरे ओळीने मांडलेले. माझी नजर लगेच वरच्या फळीवरच्या चंदेरी कॅमेऱ्यावर गेली. दुकानातल्या तरुणाने बटण दाबलं आणि त्याचं भिंग आवाज करत पुढे सरकलं. मी टाळीच वाजवली.

"हे नाक पुढं काढतंय," सिस्टरबाई म्हणाल्या. "पिशवीतली बारीक रेती आत गेली की अडकून बसायचं. आणि ह्याला सेल कुठला लागतो रे दादा?"

त्याने एक बुटका, जाडसर सेल दाखवला.

"हा राहात्याच्या बाजारात मिळतो?"

"नाही ताई, इथंच यावं लागेल."

"मग ठेव वर. घड्याळात, बॅटरीत घालतात त्या पेन्सिल सेलवर चालणारा दाखव."

पुढचा पाऊण तास त्यांनी त्या तरुणाचा घाम काढला. रोल दोन-दोन महिने आत पडून राहिला तर नासतो का? उन्हात ठेवला नाही तर नाही. चष्मा न काढता भोकातून दिसतं का? दिसतं. झाकण लावलेलं असताना बटण दाबलं तर? इथे तो हसला. "बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटो काळा येतो ताई. रोल धुतल्यावर कळतं." मग त्याने खालच्या फळीवरून एक काळा, साबणाच्या वडीएवढा कॅमेरा काढला. याचं झाकण अंगालाच, सरकवायचं. ते उघडल्याशिवाय बटण दबतच नव्हतं. पेन्सिल सेलवर चालणारा, रोल आपोआप पुढे सरकवणारा, फ्लॅश अंगातच.

सिस्टरबाईंनी माझी पिशवी त्याच्या गळ्यात घातली. "हे धर. हे बाळ हाय असं समज. रडतंय." आणि स्वतः डाव्या हातात माझी छत्री दुसऱ्या बाळासारखी आडवी धरून उजव्या हाताने झाकण सरकवून बटण दाबून पाहिलं. तीनदा. एका हाताने जमतंय म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला! "हाच. आमच्यासारखाच हाय, नखरा न्हाई."

परतीच्या एसटीत कॅमेऱ्याचा डबा माझ्या मांडीवर होता. दर पाच मिनिटांनी मी तो उघडून बघायची आणि सिस्टरबाई खिडकीबाहेर पाहत असल्याचं दाखवून हळूच हात घालून तो चाचपायच्या.

त्यानंतरचे गुरुवार म्हणजे जत्राच. आया मुलांना न्हाऊ-माखू घालून, काजळ-तीट लावून, टोपडी घालून आणायच्या. सुईच्या भीतीने चुकवणाऱ्या बायकाही फोटोसाठी येऊ लागल्या, आणि सिस्टरबाई आधी डोस टोचून मगच फोटो काढत. "अहो, इकडं बघा. रडून घ्या आधी, मग हसा." बाळाच्या अगदी तोंडाशी कॅमेरा नेऊन, त्याचा श्वास भिंगावर येईल इतक्या जवळून त्या फोटो काढायच्या. दिवाळीपर्यंत छत्तीस फोटो झाले. राहात्याच्या स्टुडिओतून फोटोंचं पाकीट मीच आणलं, न उघडता, दोघींनी मिळून बघायचं म्हणून.

एकाही बाळाला चेहरा नव्हता. जणू पिठात बुडवून काढलेली छत्तीस बाळं. मागच्या दाराची कडी मात्र प्रत्येक फोटोत लख्ख.

कॅमेऱ्याबरोबर एक इंग्रजी माहितीपत्रक आलं होतं. ते वाचून समजावून सांगायचं काम माझं होतं. मी रोल कसा भरायचा तेवढंच पान वाचून बाकीचं डब्यात ठेवून दिलं होतं. आता उघडलं. तिसऱ्या पानावर चौकटीत लिहिलं होतं: वस्तू चार फुटांपेक्षा जवळ असल्यास फोटो अस्पष्ट येईल.

मी ते मराठीत वाचून दाखवलं आणि मला रडू फुटलं. सिस्टरबाईंनी पत्रक माझ्या हातातून घेतलं, घडी घातली. "रडायचं काम नंतर. छत्तीस घरी सांगून यायचंय." आणि खरोखरच त्या पुढचे चार दिवस घरोघर गेल्या. चूक कुणाची हे एकाही दारात सांगितलं नाही. "माझ्याकडनं फोटो बिघडले. परत आणा त्यांना," एवढंच. मी त्यांच्या मागे पळत होते, आणि प्रत्येक दारात मला वाटायचं, आता माझं नाव घेतील. घेतलं नाही.

मग त्यांनी बँडेजची पट्टी घेतली, शाळेतल्या मोजपट्टीने चार फुटांवर बोटभर जास्त मोजून कापली आणि एक टोक कॅमेऱ्याच्या दोरीला बांधलं. दुसरं टोक आईने बाळाच्या छातीशी धरायचं. पट्टी ताणली की आईने हात खाली घ्यायचा आणि सिस्टरबाईंनी बटण दाबायचं. सगळ्या गावाला ते पाठ झालं. वस्तीवर त्या दिसल्या की बायका हाका मारायच्या, "पट्टी आनली का बाई?"

मार्गशीर्षात हौसाला मुलगी झाली. तिचं वजन सिस्टरबाईंनी दोनदा करून पाहिलं; इतकी बाळंतपणं केलेल्या त्या बाईंनी! तिचे त्यांनी एकापाठोपाठ तीन फोटो काढले. "तीन?" मी विचारलं. "तीन," त्या म्हणाल्या, आणि पुढे बोलायला जागा ठेवली नाही. सुगीत बायका जमेल तशा पोरं परत आणत, त्यामुळे तो रोल भरायला संक्रांत उलटली. या वेळी स्टुडिओत त्या स्वतः आल्या आणि पाकीट रस्त्यावरच फाडलं.

डोळे, पापण्या, कपाळावरची तीट, कानामागची लव, सगळं कसं स्वच्छ! भर बाजारात सिस्टरबाईंनी मला मिठी मारली. भाजीवाल्या बघत राहिल्या. मग त्यांनी एका भाजीवालीलाच फोटो दाखवायला सुरुवात केली.

तिथून तशाच आम्ही वस्तीवर गेलो. हौसा शेंगा निवडत होती. हात पदराला पुसून तिने तिन्हींतला एक फोटो घेतला, उन्हात धरला, सावलीत धरला. शेजारी बाळ निजलेलं होतं, पण ती फोटोकडेच पाहत होती. आणि एकदम हसली.

"बाई, गनूचं नाक असंच व्हतं बघा. अगदी असंच. मला आटवलं."

सिस्टरबाईंनी तोंड फिरवून चष्मा पुसला. "दुसरा देवापाशी ठेव," म्हणाल्या, "तिसरा पेटीत."

चार वर्षांत त्या गावात एकही मूल फोटोवाचून राहिलं नाही. मग त्यांची बदली अकोले तालुक्यात झाली, डोंगराकडे. निघायच्या दिवशी एसटीच्या थांब्यावर एवढ्या बायका जमल्या, की कंडक्टरने विचारलं, "ह्या सगळ्या येणार का?" मी बोलायचं खूप ठरवलं होतं. माहितीपत्रकाचं, त्यांनी माझं नाव न घेतल्याचं. कंडक्टरने घंटी दिली तेव्हा मी खिडकीतून त्यांची पिशवीच आत सरकवत होते.

खिडकीतून त्यांनीच माझं मनगट धरलं. "मास्तरीण, गुरुवारी नवी सिस्टर यायची हाय. पोरगीच हाय, पहिलीच नेमणूक. पहिल्या दिवशी गावात कुणी विचारत न्हाई गं. तू चहा घेऊन जा."

गुरुवारी मी अर्धी सुट्टी टाकली. उपकेंद्राच्या पायरीवर एक मुलगी ट्रंकेवर बसली होती, कुलूप कुणी उघडतंय का याची वाट बघत. मी म्हटलं, "अहो सिस्टर, चहा घेता ना?"