सव्वादोन फुटी चौकट

"यांना लिहिता येतं का?"

हेडमास्तरांनी माझ्या पोरीला विचारलं. मी समोरच होतो. ऑफिसच्या दाराबाहेर, चाकांच्या खुर्चीत. पोरीला पाचवीत घालायचं होतं. बापाची सही आत, त्यांच्या टेबलावर व्हायची होती. उत्तराची वाट न बघता ते शिपायाला म्हणाले, "बाहेरच अंगठा घे त्यांचा."

शिपाई शाईचं पॅड घेऊन आला. राग यायला हवा होता. आला नाही. बोईसरला बांधकामावर परांचीवरून पडलो, तेव्हापासून कमरेखाली काही कळत नव्हतं. वरही फारसं कळेनासं झालं होतं.

मी चौकटीकडे बघत राहिलो. सागवानी, सव्वादोन फुटी, खाली चार बोटं उंबरठा. मीच केलेली. तेव्हा हेच सर म्हणायचे, "मिस्त्री, बसा, चहा घ्या." दार अरुंद ठेवा, लाकूड वाचेल, हे त्यांना मीच सांगितलं होतं. मोठी अक्कल पाजळली होती. कुणी चाकांवर येईल, हे डोक्यातही आलं नव्हतं. लाज वाटली ती याची.

अंगठा मुठीत दाबला.

"पोरी, मागनं दाब, पुढची चाकं उचल."

"बाबा, नाय जायाची आत."

"माप माज्याच हातचं हाय. उचल तू."

पुढची लहान चाकं उंबरठ्यापलीकडे गेली. मागची मोठी चौकटीत गच्च अडकली. आता शिपाई बाहेर, हेडमास्तर आत. मधे मी.

घंटा झाली. हेडमास्तर उठले.

"मिस्त्री, बाजूला व्हा. मला वर्गावर जायचंय."

मिस्त्री. आत्ता आठवलं त्यांना.

"सही इथंच करतो, सर. टेबल इकडं आणा."

आणलं. स्वतः ओढत आणलं. मी नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, सावकाश. मग पोरीला म्हणालो, ओढ मागं.

चुकलं असं ते म्हणाले नाहीत. मीही थांबलो नाही.

आता उमरोळीला अंगणात बसून चौकटी करतो. तीन फुटांच्या आत एकही नाही. उंबरठा नाही. गिऱ्हाईक कुरकुरतं, "बिनउंबरठ्याचं घर असतं का? हळदकुंकू कुठं वाहायचं?" जमिनीवर वाहा, म्हणतो. नसेल पटत तर दुसरा सुतार बघा.

शाळेतली चौकट अजून तशीच आहे. करवतीला धार लावून ठेवली आहे. मी बसवली, मीच काढणार.