प्लास्टिकमधलं प्रमाणपत्र

धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझ्या एका मित्राचं झेरॉक्सचं दुकान आहे. एके काळी तो बेसबॉलमध्ये राज्याच्या संघाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होता. आता त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वरच्या फळीवरचे कागद तो स्टुलावर चढून डाव्या हाताने काढतो. गिऱ्हाईक म्हणतं, "क्रिकेट खेळायचात ना?" तो नुसतं "हो" म्हणतो. राग मला येतो.

परवा एक खेळाडू मुलगी प्रमाणपत्र लॅमिनेट करायला आली. त्याने ते तसंच परत दिलं.

"ताई, नोकरीसाठी याच्या मागे पडताळणीचा शिक्का लागतो. प्लास्टिकवर मारत नाहीत."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी करेल शे ना, माझं लॅमिनेट केलंय मी," म्हणत त्याने भिंतीकडे बोट दाखवलं.

तिथलं त्याचं प्रमाणपत्र अजून नव्यासारखं चकाकत होतं.